ऑर्गन कोण वाजवतंय?

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं नाव काढलं की बहुतेकांना एकच रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट, आठवते. गिटार कधी हातात न धरलेला माणूसही ती तोंडाने वाजवून दाखवतो. वाद्यांच्या दुकानात नवी गिटार पारखायला आलेला पोरगा हमखास तीच वाजवतो. 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ म्हणजे रिची ब्लॅकमोरची गिटार, हे समीकरण पन्नास वर्षांत इतकं घट्ट बसलं आहे की त्यावर कोणी शंका घेत नाही. मला घ्यायची आहे. ब्लॅकमोरचं तिळभरही कमी करायचं नाही. पण त्या आवाजात गिटारीच्या खांद्याला खांदा लावून एक हॅमंड ऑर्गन उभा आहे, आणि तो वाजवणाऱ्या जॉन लॉर्डचं नाव ती रिफ तोंडपाठ असलेल्या दहातल्या दोघांना तरी सांगता येईल का, याची मला खात्री नाही.

मूळ रेकॉर्डिंग चांगले हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला गिटार एकटी आहे. ब्लॅकमोर ती प्लेक्ट्रमने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने, झोडत नाही; दोन तारा बोटांनी एकदम उचलतो, त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी, जोडीने येतात. मग ड्रमर इयन पेसचा हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, सुरू होतो. मग रिफ अचानक अंगाने भरते. गिटारीने जोर वाढवलेला नसतो, स्वरही तेच असतात, पण खालून एक घरघर वर येते आणि तेच चार स्वर भारदस्त वाटू लागतात. तो ऑर्गन. त्यानंतर बाकीचे ड्रम, मग रॉजर ग्लोव्हरचा बास, आणि मग कुठे इयन गिलन गायला तोंड उघडतो. एकेक जण आत येतो तशी रिफ तीच राहूनही बदलत जाते. गिटार आणि ऑर्गन दोन्ही ॲम्प्लिफायरमधून गुरगुरत असल्यामुळे कुठलं काय हे वेगळं काढणं सवयीच्या कानालाही सोपं जात नाही. सगळं श्रेय गिटारीच्या खात्यावर जमा झालं त्याचं एक कारण हेच असावं.

बँडचा आवाज ही स्वतंत्र निर्मिती आहे, असं माझं म्हणणं आहे. चाल आणि शब्द यांच्याइतकीच ती अस्सल आहे, ती ज्यांच्या हातून घडली त्यांची नावं तिला चिकटलेली राहायला हवीत, आणि जिथे हिशेब असेल तिथे पैसाही त्या नावांपर्यंत पोचायला हवा. संगीताच्या धंद्याने आणि कायद्याने हे फार उशिरा आणि फार थोडं मान्य केलं. ज्यांनी ते पहिल्यापासून ओळखलं ते चाहते. त्यांच्या या ओळखीला आपण हौस म्हणून बाजूला सारतो. ती हौस आहेच, पण तिच्यात ज्ञान आहे, आणि ते कामाला लावण्यासारखं आहे.

आधी त्या ऑर्गनकडे जरा जवळून पाहू. लॉरेन्स हॅमंडने १९३५ साली हे वाद्य बाजारात आणलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मोठं गिऱ्हाईक होतं ते चर्चचं. ज्यांना पाइप ऑर्गन परवडत नाही त्यांनी हा घ्यावा. आत कंगोरेदार कडांच्या एक्क्याण्णव धातूच्या चकत्या सतत फिरत असतात आणि त्यांच्यासमोरच्या चुंबकांमधून आवाजाचा विद्युतप्रवाह तयार होतो. कळपट्ट्यांच्या वर ओढायच्या दांड्या असतात, नऊ-नऊच्या संचात. कुठला स्वरांश किती मिसळायचा ते त्या दांड्यांवर ठरतं. लॉर्ड वाजवायचा ते सी-थ्री मॉडेल चर्चमध्ये शोभेल अशा बंद लाकडी पेटीचं. प्रत्येक गावी ते धूड ट्रकवर चढवायचं आणि उतरवायचं, हाच एक उद्योग.

हॅमंडचा आवाज नेहमीच्या वापरात लेस्ली नावाच्या स्पीकरमधून येतो. त्यात कर्णा गरगर फिरतो आणि स्वराला ती ओळखीची लहर मिळते. जिमी स्मिथसारख्या जाझवाल्यांनी याच जोडीवर कमाल केली होती आणि लॉर्ड त्यांच्यावरच पोसलेला होता. लेस्टरला १९४१ साली जन्म, लहानपणी पाश्चात्त्य अभिजात पियानोचं रीतसर शिक्षण, पुढे लंडनमध्ये ब्लूज आणि जाझ. पण ब्लॅकमोरच्या शेजारी उभं राहून ऐकू यायचं तर नुसत्या लेस्लीचं काम नव्हतं. लॉर्डने ऑर्गन थेट मार्शलच्या ॲम्प्लिफायरला जोडला, जो गिटारवाले वापरतात. प्रार्थनेसाठी घडवलेल्या त्या आवाजाला धार आली, कडा फाटल्या, आणि रॉकमध्ये तोवर नव्हता असा एक गुरगुरता पोत तयार झाला.

इथे एक अडचण होती. गिटारवाला तार खेचून स्वर चढवू शकतो, दोन स्वरांमधून घसरत जाऊ शकतो. ऑर्गनची कळ दाबली की स्वर जिथल्या तिथे. आपल्याकडे पेटीवर हाच आक्षेप होता आणि त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं तिला दाराबाहेर ठेवलं. १९७१ मध्ये ती बंदी अंशतः उठली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॉर्ड स्वित्झर्लंडमध्ये बसून मींड नसलेल्या वाद्याकडून काय काय काढून घेता येतं ते दाखवत होता. वाजवता वाजवता दांड्या मागेपुढे करून स्वराचा रंग बदलायचा, पायाखालच्या पेडलने आवाज फुगवायचा आणि दाबायचा, तळहात कळांवरून घसरवत न्यायचा, प्रत्यक्ष कार्यक्रमात रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून ऑर्गनला ओळखू न येण्याइतकं वाकवायचं. तिथेच मुद्रित झालेल्या 'लेझी' या गाण्याची सुरुवात ऐका. तिथे गिटार नाहीच. एकटा ऑर्गन आधी अंधुक घोगरा, मग हळूहळू कडक होत जातो, आणि गाणं कुठल्या मिजाशीचं आहे ते गिटार येण्याच्या आधीच ठरून जातं.

या आवाजाच्या बाबतीत जागेचाही वाटा आहे. 'स्मोक ऑन द वॉटर' आणि 'लेझी' ज्यात आहेत तो 'मशीन हेड' हा अल्बम स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या कॅसिनोत ध्वनिमुद्रित व्हायचा होता. ४ डिसेंबर १९७१ ला तिथे अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन छताकडे झाडली आणि कॅसिनो जळून गेला. सरोवरावर पसरलेला तो धूर म्हणजेच त्या प्रसिद्ध गाण्याचा विषय. बँडला आधी पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह मिळालं; रात्री आवाजाने शेजारी वैतागले, पोलीस दारावर आले, आणि त्या गाण्याचा मूळ ट्रॅक कसाबसा पुरा करून बाहेर पडावं लागलं. मग हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल. बोळात वाद्यं मांडली, भिंतींना गाद्या टेकवल्या, रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओगाडी बाहेर उभी केली. गाडीत जाऊन वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या आणि गच्च्या ओलांडत लांबून जावं लागे, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांनी ते ऐकायला जाणंच सोडून दिलं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बाहेरच्या गाडीत, आणि आत पाच जण एकमेकांच्या भरवशावर. त्या अल्बमला जो एकजीवपणा आहे त्याचं मूळ मला तिथे दिसतं. टेक बरा झाला की नाही हे यंत्राला विचारायची सोय नव्हती, ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहूनच ठरवावं लागत असणार.

पेसबद्दल लिहायला हवं, कारण त्याच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं जातं. हा डावखुरा ड्रमर १९६८ पासून आजपर्यंत बँडच्या प्रत्येक संचात असलेला एकमेव माणूस आहे. त्याचे आदर्श जीन क्रुपा आणि बडी रिच, म्हणजे जाझच्या मोठ्या वाद्यवृंदांतले. त्यामुळे हार्ड रॉकमध्ये जिथे हातोडा अपेक्षित असतो तिथे त्याचा हात झुलतो. 'हायवे स्टार'मध्ये गाडी सुसाट आहे, पण आत कुठेतरी एक सैलपणा आहे, आणि तो पेसच्या डाव्या-उजव्या हाताच्या हिशेबातून येतो. त्याच गाण्यात आधी लॉर्डचा आणि पुढे ब्लॅकमोरचा एकल तुकडा आहे. दोघेही बाखच्या धाटणीच्या स्वरसंगतीवर चढत जातात, आणि खाली ग्लोव्हर न हलता पाया धरून असतो. बँडची ख्याती मात्र झाली ती गोंगाटाची. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ११७ डेसिबल मोजले गेले आणि गिनेस बुकने जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्यांची नोंद केली. आकडा मोजता येतो म्हणून तो छापला गेला. लॉर्ड आणि ब्लॅकमोर एकमेकांचा स्वर कसा उचलतात हे डेसिबलमध्ये कोण मोजणार?

आता श्रेयाकडे येऊ. १९६९ साली गिलन आणि ग्लोव्हर आल्यावर जो संच जमला त्याने १९७० च्या 'इन रॉक'पासून पुढच्या अल्बमांवर एक पद्धत पाळली: गाणं कोणाच्याही डोक्यातून निघालेलं असो, लेखक म्हणून पाचही नावं. ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस. रॉकच्या इतिहासात हे सरसकट दिसत नाही. बहुतेक बँडमध्ये दोघांची नावं छापली जातात आणि उरलेले आयुष्यभर कार्यक्रमांच्या बिदागीवर जगतात. पाच नावांचा हा करार आवाजाबद्दलचं सत्य कागदावर उतरवणारा होता. रिफ एकाची असेल, पण ती ज्या रूपात जगाने ऐकली ते रूप पाचांचं.

काही जण म्हणतील, ही निव्वळ भांडणं टाळायची सोय होती. असेल. पण सोय मोडल्यावर काय झालं तेही पाहा. १९८४ साली हाच संच पुन्हा एकत्र आला, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' निघाला, आणि बहुतेक गाण्यांवर तीनच नावं आली: ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर. त्या अल्बमचं शीर्षकगीत उघडतं ते कशावर? लॉर्डच्या ऑर्गनवर. चाहत्यांनी हे कायम दाखवून दिलं आहे. ज्या माणसाच्या वाजवण्याने गाणं दुसऱ्या सेकंदाला ओळखू येतं, त्याचं नाव लेखकांत नाही. करारात काय बसलं असेल ते बसलं असेल. कानाला ते पटत नाही.

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद जुना आणि वजनदार आहे. गाणं म्हणजे चाल आणि शब्द. वादक त्याला साज चढवतो, त्याचे त्याला पैसे मिळाले, विषय संपला. शिवाय आवाजावर मालकी मान्य केली तर उद्या कोणी लॉर्डसारखा ऑर्गन वाजवला तरी नोटीस येईल. या दुसऱ्या भीतीत तथ्य आहे. धाटणीवर कोणाची मालकी असू नये. मार्शलला हॅमंड जोडायला कोणालाही मोकळीक असली पाहिजे. पण एका विशिष्ट रेकॉर्डिंगमध्ये एका विशिष्ट माणसाने जे घडवलं त्याची नोंद ठेवणं आणि धाटणीची मक्तेदारी देणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पहिल्या भागाला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने उत्तर दिलेलं आहे, आणि योगायोग असा की तिथेही वाद हॅमंडवरून होता. प्रोकल हारम या इंग्लिश बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गाणं १९६७ साली गाजलं. लेखक म्हणून नावं होती गॅरी ब्रुकर आणि कीथ रीड यांची. त्यातली ऑर्गनची ओळ, जिच्यावाचून ते गाणं कोणी गुणगुणतच नाही, ती मॅथ्यू फिशरची. अडतीस वर्षांनी, २००५ साली, फिशर कोर्टात गेला. २००६ मध्ये त्याला संगीताच्या हक्कात चाळीस टक्के वाटा मिळाला. २००८ मध्ये अपिलात लेखकपण राहिलं पण पैसे गेले. आणि ३० जुलै २००९ ला, तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, असं त्यांनी सांगितलं. वाटा मात्र दावा केला तेव्हापासूनच, मागचं काही नाही. म्हणजे कानांनी जे १९६७ च्या उन्हाळ्यातच मान्य केलं होतं ते कायद्याच्या कागदावर यायला बेचाळीस वर्षं लागली.

माझ्या बाजूला अडचणीत आणणारी एक गोष्टही इथेच सांगतो, कारण ती टाळून हा मुद्दा प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. 'चाइल्ड इन टाइम' हे डीप पर्पलचं 'इन रॉक'मधलं दहा मिनिटांचं गाणं. त्याच्या मुळाशी असलेली ऑर्गनची सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' या वाद्यरचनेवरून आलेली आहे, आणि गिलनने ते पुढे मोकळेपणाने सांगितलंही. मूळ रचना व्हायोलिनची, वेगवान. लॉर्डने तिचा वेग उतरवला. पण अल्बमवर पाच नावं आहेत ती पाचही डीप पर्पलची. त्या अमेरिकी बँडनेही परत डीप पर्पलची एक रचना उचलली, म्हणून फिटंफाट झाली असं हसत सांगितलं जातं. मला ती फिटंफाट वाटत नाही. श्रेय वाटून घेणारा बँडही श्रेय देताना चुकला, आणि ही चूक उजेडात आणून जिवंत ठेवली ती दोन्ही रेकॉर्डी शेजारी शेजारी लावून ऐकणाऱ्या लोकांनी. त्या रचनेच्या नावात आपली मुंबई आहे. १९९५ साली डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले तेव्हा ब्लॅकमोर बाहेर पडून त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स आला होता. लॉर्ड, गिलन, ग्लोव्हर आणि पेस मात्र तेच होते. आपल्याकडच्या श्रोत्यांनी त्या आवाजाचा मोठा भाग प्रत्यक्ष ऐकलेला आहे.

चाहत्यांची स्वतःची एक परिभाषा आहे. ते बँडचे काळ वर्षांनी मोजत नाहीत, मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री अशा संचांनी मोजतात. कोण वाजवत होतं यावरून. ज्या बँडमध्ये गायक बदलला की वर्तमानपत्रांना नवं पर्व दिसतं, त्याच्या चाहत्यांनी बासवाला बदलला तरी त्याची दखल घेणारी मोजणी रूढ केली. बाहेरच्याला हे खूळ वाटतं. मला त्यात वादकाला दिलेला फार मोठा मान दिसतो.

'मेड इन जपान'ची हकिगत पाहा. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्रींचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाले ते जपानी कंपनीच्या आग्रहाखातर. बँडला त्यात फारसा रस नव्हता, तो अल्बम जपानबाहेर काढायचाही विचार नव्हता; मिक्सिंगला फक्त ग्लोव्हर आणि पेस हजर राहिले. नंतर स्टुडिओत काही भरलं नाही, काही दुरुस्त केलं नाही. श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला आणि आज प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या अल्बमांची कुठलीही यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही. कारण तिथे आवाज उघडा पडला होता: गिलनच्या तानेला ब्लॅकमोर गिटारीवर उत्तर देतो, लॉर्ड मध्येच एखाद्या ओळखीच्या सुरावटीला चिमटा काढून निसटतो, पेस सहा मिनिटं एकटा वाजवतो आणि कंटाळा येत नाही. निर्मात्यांना ज्याची किंमत कळली नाही ती ऐकणाऱ्यांना कळली.

आणि सर्वांत मोठा दाखला लॉर्डच्याच कामाचा. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा 'कन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' सादर झाला. माल्कम आर्नल्डच्या संचालनाखाली रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, आणि त्यांच्यासमोर हा बँड. पुढच्या वर्षी त्या रचनेची स्वरलिपीच हरवली. शंभराच्या आसपास वादकांसाठी लिहिलेलं सगळं काम, कागद नाहीत, तेव्हा पुन्हा सादर करणं अशक्य. जवळजवळ तीन दशकं ते तसंच राहिलं. मग मार्को द खू नावाच्या एका तरुण डच संगीतकाराने रेकॉर्डिंग ऐकून आणि चित्रफीत पाहून ती स्वरलिपी पुन्हा लिहून काढली. कुठला क्लॅरिनेट कुठे शिरतो, व्हायोलिनांचा दुसरा गट काय धरून आहे, गिटारीच्या गदारोळाखाली ब्रास काय वाजवतंय, हे सगळं कानांनी. लॉर्डला ते दाखवल्यावर त्याने संचालक पॉल मान आणि या तरुणाबरोबर बसून राहिलेल्या जागा भरल्या, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ती रचना पुन्हा उभी राहिली. त्यानंतर लॉर्ड २०१२ मध्ये जाईपर्यंत ती जगभर वाजत राहिली. प्रेमाने, पुन्हापुन्हा, एकेक वाद्य वेगळं काढत ऐकणं यातून एक हरवलेली कृती परत आली. चाहत्याचं ऐकणं हे समीक्षेच्या आणि संशोधनाच्या तोडीचं असू शकतं, याला आणखी काय पुरावा हवा?

संस्थांचा हिशेब याच्याशेजारी ठेवला की वाईट वाटतं. रॉक संगीतातल्या मानकऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलला २०१६ मध्ये घेतलं. पात्र होऊन दोन दशकं उलटली होती. लॉर्ड तोवर हयात नव्हता. घेताना पहिल्या संचाचा गायक रॉड एव्हन्स घेतला आणि त्याच संचाचा बासवादक निक सिम्पर वगळला. तीन अल्बमांवर त्याचा बास आहे. गायकाला जागा, बासवाल्याला नाही: हा क्रम सगळीकडे सारखाच.

आपल्याकडे तर तो जास्तच निष्ठुर आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा आवाज घडवला. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनचं आणि ओ. पी. नय्यर यांचं वाद्यवृंदसंयोजन करत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, संयोजक आणि प्यारेलाल यांचे गुरू. प्यारेलालनी कृतज्ञतेने त्यांचं नाव १९७७ च्या एका चित्रपटातल्या पात्राला मिळवून दिलं, आणि आज देशभर ते नाव माहीत आहे ते त्या पात्रामुळे. त्यामागे एक खराखुरा वादक होता हे ठाऊक असणारे किती? मराठी भावगीतांचंही तेच. कवी माहीत असतो, संगीतकार माहीत असतो, गायक तर असतोच. पण जो बासरीचा तुकडा आपण ओळीआधी न चुकता गुणगुणतो तो कोणाचा, हे कॅसेटच्या वेष्टनावर छापलेलं नव्हतं आणि ॲपवरही नाही.

आपल्या कायद्यात यासाठी जागा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात सादरकर्त्याला व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा हक्क दिला आणि आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्कही दिला. सादरकर्त्याच्या व्याख्येत वादक येतोच. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे: चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला बहुतेक बाबतींत सादरकर्ता धरलं जाणार नाही. वादकाचं काम प्रासंगिक म्हणायचं की नाही हा वाद कोर्टात घालता येईल; परंतु ज्या धंद्यात वादकाचं नाव न देणं हाच रिवाज, तिथे नाव नसणं हेच हक्क नसण्याचं कारण दाखवता येतं. म्हणून नाव छापणं ही सौजन्याची बाब राहिलेली नाही. त्यावर माणसाची मिळकत अवलंबून आहे.

हे आज अशक्य आहे, असं कोणी म्हणू नये. कॅसेटच्या वेष्टनावर जागा अपुरी होती. पडद्यावर जागेची टंचाई नाही. काही ॲपवर श्रेयनामावली उघडता येते, पण जुन्या भारतीय गाण्यांत वादकांचा रकाना बहुतेकदा रिकामा असतो. नव्या गाण्यांसाठी तर सबबच नाही: रेकॉर्डिंगच्या दिवशी पैसे कोणाला दिले याचा हिशेब कंपनीकडे असतो, त्यातली नावं चढवायला एक कारकून पुरे. जुन्यांसाठी थोडी मेहनत आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांतले वादक आज थोडेच उरले आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बरेच आहेत, त्यांच्या डायऱ्या आहेत, आणि आपण कुठल्या गाण्यात काय वाजवलं हे त्यांना अजून आठवतं. शिवाय आपल्याकडेही असे रसिक आहेत जे दोन रेकॉर्डिंगं ऐकून ही सतार अमुक हाताची, हा मेंडोलिन तमुक वादकाचा, असं छातीठोकपणे सांगतात आणि वाद घालतात. गाण्यांचे हक्क ज्या कंपन्यांकडे आहेत त्यांनी या दोन्ही मंडळींना बोलावून एकेक गाणं लावावं, हयात वादकाची साक्ष आणि रसिकाचा कान जुळला की नोंद पक्की करावी, जुळला नाही तर तसं लिहावं, आणि पक्कं झालेलं नाव त्या गाण्याच्या पानावर गायकाच्या नावाखाली, त्याच अक्षरात छापावं.